डॉक्टर ओरेनची चाल

येसाजी पाष्ट्यांना मी चालताना कधीच पाहिलं नाही. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा ते माजघरात खाटेवर पडून होते. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. तरीही ते कसे चालायचे हे मी आज डोळे मिटून सांगू शकते. ते मला एका कार्टूनमधून कळलं.

म्हसळ्याला एसटी स्टँडच्या मागे माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. मी फिजिओथेरपिस्ट. बाहेर पाटीवर तसंच लिहिलंय, पण लोक मला व्यायामवाली म्हणूनच ओळखतात. सकाळी गुडघे, कंबर, प्लास्टर काढलेले हात, आणि दुपारनंतर स्कूटर काढून गावागावांत जायचं, ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे. जीवन पाष्टेचा फोन आला तो नवी मुंबईहून. वडिलांच्या अंगावरून वारं गेलंय, मुंबईच्या हॉस्पिटलातून घरी आणलंय, तुम्ही याल का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाला, ते पहिल्यासारखे चालतील ना? बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, हे माझं नेहमीचं उत्तर मी दिलं.

त्यांचं गाव श्रीवर्धनच्या रस्त्याला लागून आत, डोंगराच्या पोटात. पंचवीस-तीस घरांचा कोंड, म्हणजे छोटी वाडी, खाली भाताची खाचरं, वर डोंगरावर गावच्या पाण्याची टाकी. टाकीपाशी उभं राहिलं की दिघीची खाडी आणि तिच्या पलीकडे समुद्राची पट्टी दिसते. येसाजी या टाकीचे पाणी सोडणारे होते. पंचायतीने त्यांना तरुणपणीच नेमलं होतं. घरची थोडी शेती त्यांच्या पत्नी मनुबाई आणि मनुबाईंचे दीर मिळून बघायचे, आणि येसाजी रोज पहाटे खांद्यावर लोखंडी पाना टाकून डोंगर चढायचे. वर जाऊन चावी फिरवायची, मग पाइपाच्या कडेकडेने उतरत यायचं आणि कुठे गळतंय का ते बघायचं. पाइप जुना, बराचसा मातीत पुरलेला. गळती डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळते, असं ते म्हणत. म्हणून थोडं चालले की थांबायचे, मान वाकडी करून, कानामागे पंजा धरून ऐकायचे, आणि मग पुढे. वर्षानुवर्षं पान्याचं ओझं वाहून उजवा खांदा खाली उतरला होता तो उतरलाच. खांद्यावर पाना नसला तरी चाल तीच. लग्नाच्या मांडवातसुद्धा ते मधेच थांबायचे, जमिनीकडे कान करायचे आणि मग अक्षता टाकायला पुढे व्हायचे.

ते आजारी पडले त्या हिवाळ्यातल्या एका सकाळी नळाला पाणी आलं नाही. हंडे घेऊन आलेल्या बायका आधी चिडल्या. येसाजींनी कधी उशीर केलेला नव्हता हे आठवलं तशा त्या डोंगराकडे बघायला लागल्या. मनुबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी केरसुणी तिथेच टाकली आणि शेजारच्या बुधाजींना हाक मारली. बुधाजी धावत वर गेले तर येसाजी टाकीच्या भिंतीशी कुशीवर पडलेले. डोळे उघडे होते. डोंगरावरून झोळीत उतरवणं, मग गाडी मिळणं, मग म्हसळा, माणगाव, मुंबई. ज्या वेळात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला हवं होतं तो वेळ रस्त्यात गेला.

मी गेले तेव्हा ते सगळं ऐकत होते, त्यांना सगळं कळत होतं. बोलायला गेले की तोंडातून एकच आवाज यायचा, ‘व’. त्याचा अर्थ व्हयही होता आणि न्हायही. तो त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायचा. माणूस कष्टाचा, अंगाने काटक. पंधरवड्यात ते आधाराने बसायला लागले, महिन्याभरात मी आणि मनुबाई मिळून त्यांना ओटीच्या खांबाला धरून उभं करायला लागलो. पण उजव्या पायात जीव नव्हता. पाऊल टाकायचं म्हटलं की ते जमिनीवर नुसतं फरफटायचं. ते पायाकडे असे बघायचे जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

जीवन दर शनिवारी यायचा. तिशीचा, किडकिडीत, चष्मा लावलेला मुलगा. तो काय काम करतो हे गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं. मनुबाई म्हणाल्या, कॉम्प्युटरवर बाहुल्या नाचवतो, ते असंच सांगायचे सगळ्यांना. ‘ते’ म्हणजे येसाजी. बापलेकाचं बोलणं पहिल्यापासून कमीच. फोनवर बापाने पाऊस आहे का विचारायचं, मुलाने भात कापलं का विचारायचं, आणि मग दोघांनी मनुबाईंकडे फोन द्यायचा.

एका शनिवारी व्यायाम आटोपून मी ओटीवर चहा घेत होते. जीवनने मला विचारलं, माणूस चालतो म्हणजे नक्की काय होतं, मॅडम? मी म्हटलं, आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की चालणं म्हणजे पडणं आणि स्वतःला सावरणं. प्रत्येक पावलाला माणूस पुढे पडतो आणि दुसरा पाय त्याला धरतो. तो हसला. आम्हालाही अगदी हेच शिकवतात, म्हणाला. आणि मग पहिल्यांदाच त्याने त्याच्या कामाबद्दल सांगितलं.

त्याची कंपनी परदेशातल्या कार्टून मालिकांचं काम करते. गोष्ट तिकडची, चित्रं तिकडची, पण पडद्यावरच्या माणसांना हलवायचं, चालवायचं, हसवायचं ते इथे बसलेल्या मुलामुलींनी. तीन वर्षं तो एकाच मालिकेवर होता. तिच्यात झिप्पू नावाचे डिजिटल जीव आहेत. लोकांनी कॉम्प्युटरमधून पुसून टाकलेल्या फायलींमधून ते जन्मतात. मुठीएवढे, केसाळ, अंगातून उजेड येणारे. त्यांचं जग डॉक्टर ओरेन नावाच्या एका शास्त्रज्ञाने बनवलंय. अपघाताने तो त्या जगातच अडकून पडलाय, आणि त्याची मुलगी मिला बाहेर राहिलीय. रात्रीच्या जेवणानंतर ती स्क्रीनसमोर बसते आणि बाप तिच्याशी आतून बोलतो. दर भागात त्या जगात कुठेतरी काहीतरी तुटतं, झिप्पू विझायला लागतात, आणि डॉक्टर ओरेन तुटलेली जागा शोधत फिरतो.

सुरुवातीला तो कसा चालावा हेच कुणाला सुचेना. जीवनचा वरिष्ठ, ऋत्विक, चांगला मुलगा होता, पण तोही वैतागला होता. परदेशातून प्रत्येक वेळी तेच उत्तर यायचं, की शास्त्रज्ञ चालतोय पण माणूस चालत नाहीये. तेव्हा जीवनने एका संध्याकाळी ऑफिसच्या बोळात खांद्यावर छत्री टाकून फेऱ्या मारल्या. खांदा पाडून, थांबून, कानामागे हात धरून. मोबाइलवर स्वतःचं चित्रण केलं आणि त्यावरून डॉक्टर ओरेनला चालवलं. ती चाल पहिल्या खेपेला पसंत पडली. मालिका बऱ्याच देशांत गेली. आपल्याकडे हिंदीत लागायची, पण गावात कोणी ती बघत नव्हतं. हे सगळं येसाजी आजारी पडायच्या बरंच आधीचं. घरी त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं.

त्याने फोन माझ्यासमोर धरला. उजेडाच्या मनोऱ्यांमधून जाणाऱ्या पायऱ्यांवरून पांढऱ्या कोटातला एक माणूस उतरत होता. एक खांदा खाली. थोडं उतरला, थांबला, भिंतीला कान लावला, पुढे गेला. ‘हे असे चालायचे,’ जीवन म्हणाला. ‘एवढंच परत आणायचंय, मॅडम.’

तेव्हा मला त्याला खरं सांगावं लागलं. आधाराने चार पावलं टाकतील कदाचित, म्हटलं, पण ही चाल परत येणार नाही. त्याने मान हलवली. मागे चहाचे कप उचलायला आलेल्या मनुबाई उभ्या होत्या. आम्हाला वाटलं त्यांनी माझं बोलणं ऐकलं. पण त्या फोनकडे बघत होत्या.

‘ह्ये तर हे हायत,’ त्या म्हणाल्या.

मला वाटतं त्या क्षणी जीवनने ठरवलं. आईने ओळखलं म्हणजे बाबाही ओळखतील, त्यांना बरं वाटेल, हुरूप येईल. मलाही तसंच वाटलं. रुग्णाला आधीचं आयुष्य आठवू द्यावं असं आम्हाला शिकवलेलंच असतं. पुढच्या शनिवारी आम्ही येसाजींना ओटीवर खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली, आणि जीवनने त्यांच्यासमोर फोन धरला.

ते बघत राहिले. डॉक्टर ओरेन पायऱ्या उतरला, थांबला, ऐकलं, पुढे गेला. येसाजींचा चेहरा हळूहळू बंद होत गेला, दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यांनी डावा हात उचलला, मुलाच्या हातातला फोन पालथा केला आणि मान भिंतीकडे वळवली. जीवनने दोनदा हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी मला पायाला हात लावू दिला नाही. नंतरचा आठवडाभर मी गेले की ते अंग ताठ करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

त्या शनिवारी जीवन मागच्या दारी जाऊन बसला होता. मनुबाई भांडी घासत होत्या. काय चुकलं हे त्यालाही कळेना, मलाही कळेना. मग मनुबाईंनीच सांगितलं.

‘गावातली पोरं त्यांच्या मागनं तशीच चालायची. खांदा पाडून, कानाला हात लावून. त्यांनी कदी मागं वळून बगितलं न्हाय. पन त्या दिवशी घरी यून जेवायचे न्हाय. पोट भरलंय सांगायचे.’

जीवन मातीकडे बघत होता. ‘आये, त्या पोरांत मीपण असायचो.’

‘म्हायती हाय त्यांना,’ मनुबाई म्हणाल्या आणि ताट पाण्यात बुडवलं.

तो त्याच संध्याकाळच्या एसटीने परत गेला. मला वाटलं, आता तो थोडे दिवस यायचा नाही. घरात असं काही झालं की मुलगे कामाचं निमित्त सांगतात, मी पाहिलंय. पण पुढच्या शनिवारी मी गेले तर तो सकाळपासून आलेला होता. या वेळी त्याने लॅपटॉप आणला होता. मी परत फिरायला लागले तर म्हणाला, मॅडम, थांबा, तुम्हीपण बसा. मला वाटतं त्याला एकट्याने बोलायची भीती वाटत होती.

तो बापाच्या खाटेशी जमिनीवर बसला. लॅपटॉप उघडला नाही. आधी त्याने सगळी गोष्ट सांगितली, झिप्पूंची, मिलाची, त्या अडकलेल्या बापाची. लहान मुलाला सांगावी तशी नाही, शेतावरच्या एखाद्या भानगडीबद्दल मोठ्या माणसाला सांगावं तशी. येसाजी आढ्याकडे बघत पडून होते. जीवन सांगता सांगता थांबला. आईशी बोलायचा त्या गावच्या बोलीत मग तो म्हणाला, ‘बाबा, ही तुमची नक्कल न्हाय. मला एक बाप दाखवायचा व्हता. रोज उठून बिगडलेलं शोधतो, जोडतो, आन् कुनाला सांगत न्हाय असा. मला दुसरा कुनी म्हायतीच न्हवता.’

येसाजींनी मान वळवली. लॅपटॉपकडे नाही, मुलाकडे. बराच वेळ ते त्याला बघत होते. मग म्हणाले, ‘व.’ या वेळी त्याचा अर्थ डोळ्यांवरून ओळखावा लागला नाही.

त्याने पूर्ण भाग लावला. हिंदीतलं बोलणं तो मधे मधे आपल्या भाषेत सांगत होता. झिप्पूंच्या वस्तीतला उजेड जातो, पिल्लं एकमेकांना चिकटून बसतात, डॉक्टर ओरेन निघतो. खाली उतरतो, थांबतो, भिंतीशी वाकतो, उजवा हात उजव्या कानामागे धरतो. इथे येसाजींनी आवाज केला. जीवनने चित्र थांबवलं. येसाजींनी डावा हात उचलला, सावकाश, आणि स्वतःच्या डाव्या कानामागे धरला. मग पडद्याकडे बोट दाखवलं. पुन्हा हात डाव्या कानामागे.

जीवनला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. उजव्या हाताने ते खांद्यावरचा पाना धरायचे. कानाला लावायला मोकळा असायचा तो डावाच. डॉक्टर ओरेनच्या खांद्यावर पाना नव्हता, आणि ऑफिसच्या बोळात खांद्यावरची हलकी छत्री हाताने धरावी लागत नसल्याने ही गोष्ट मुलाकडून सुटली होती. ‘डावा,’ जीवन म्हणाला. ‘डावा हात, बाबा. चुकलं माजं.’ आणि तो हसायला लागला, आणि हसताहसता त्याने चष्मा काढला आणि तोंड खाटेच्या कडेला टेकवलं. येसाजींनी तोच डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. बापाने लहानपणानंतर डोक्यावर हात ठेवला तो त्या दिवशी, असं त्याने मला नंतर सांगितलं.

त्यानंतरचे महिने त्या घरातले बरे महिने होते. येसाजी पुन्हा व्यायाम करायला लागले. ओटीच्या खांबापासून दारापर्यंत, माझ्या खांद्यावर डावा हात ठेवून, उजवा पाय ओढत. चाल नव्हती ती, पण पावलं होती. शनिवारी मालिका बघायची. बातमी गावात पसरली आणि हळूहळू पोरं यायला लागली. पडद्यावरचे डॉक्टर म्हणजे आपले येसाजी आजोबा हे त्यांना खूपच भारी वाटलं. भाग संपला की पोरं अंगणात जाऊन डॉक्टर ओरेनसारखी चालायची. पहिल्या दिवशी मनुबाई त्यांना दटावायला उठल्या. येसाजींनी त्यांना पदराला धरून खाली बसवलं. खुर्चीत बसून ते ती चालणारी पोरं बघत होते आणि एका मुलीने उजवा हात कानाला लावला तेव्हा त्यांनी तिला आवाज देऊन थांबवलं आणि डावा दाखवला.

जीवनने ऑफिसात हात बदलायचा खटाटोप केला. ऋत्विक म्हणाला, तीन वर्षं उजव्या हाताने ऐकणारा माणूस एकदम डाव्याने ऐकायला लागला तर लोक विचारतील. पण मालिका संपत आली होती. शेवटच्या भागात डॉक्टर ओरेन त्या जगाचा दरवाजा कायमचा आतून बंद करतो, कारण त्याशिवाय झिप्पू वाचणार नसतात. मिला बाहेरून बघत असते, आणि तो पाठ फिरवून त्या उजेडातून लांब चालत जातो. एवढाच प्रसंग, बोलणं एकही नाही. तो जीवनला मिळाला होता. त्यात तो शेवटचा एकदा थांबून ऐकतो, आणि तिथे डावा हात चालेल, असं ऋत्विकने परवानगी काढून आणली. जीवनने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा होता. बाबांना आत्ताच सांगू नका, म्हणाला, मी झाल्यावर दाखवणार आहे.

पावसाळ्याच्या मध्यावर येसाजींच्या छातीत कफ धरला. दिवसाचा बराच वेळ अंथरुणात काढणाऱ्या माणसाला हे भय असतंच. मी पाठीवर थापट्या देऊन कफ सुटावा म्हणून धडपडले, डॉक्टरांनी औषधं बदलली, मग म्हसळ्याच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्यायचं तर न्या, पण वाटेतले हाल बघा. मनुबाईंनी मुलाला फोन लावला आणि त्या एवढंच म्हणाल्या की तू ये.

त्याचा तो प्रसंग तेव्हा अर्धा झाला होता. काम परदेशात पाठवायची तारीख जवळ आलेली. तो उठला, बॅग घेतली आणि निघाला. ऋत्विकने विचारलं, मशीन घरी नेतोस का, तिथून करशील? जीवनने नको म्हटलं. मग तो प्रसंग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल, असं ऋत्विक म्हणाला, तर जीवनने सांगितलं, दे. हे मला ऋत्विकनेच सांगितलं, तो बाराव्याला आला होता तेव्हा. मी त्याला थांबवायला हवं होतं की नाही मला अजून कळत नाही, असंही ऋत्विक म्हणाला.

जीवन शेवटपर्यंत बापाच्या उशाशी होता. दवाखान्यातून मायलेकांनी येसाजींना घरी आणलं, कारण येसाजींनी दाराकडे बोट दाखवून दाखवून सगळ्यांना दमवलं होतं. घरी आल्यावर ते शांत झाले. जीवन त्यांना चमच्याने पेज भरवायचा, कूस बदलायचा, अंग पुसायचा. मी शिकवलं होतं तसं पाठीखाली हात घालून त्यांना उचलायचा. कधी कधी तो त्यांना त्या शेवटच्या प्रसंगाबद्दल सांगायचा, मी दारातून ऐकलंय. डावा हात ठेवलाय, बाबा, सांगायचा. तो प्रसंग आता दुसरं कुणी करतंय हे त्याने सांगितलं नाही. ते ऐकायचे. शेवटी शेवटी ऐकत होते की नाही कळायचं नाही. एका दुपारी, पाऊस उघडलेला असताना, मनुबाई माजघरात भात वाढत होत्या. जीवन पाणी आणायला उठला आणि परत येऊन बसला तेवढ्यात ते गेले.

मालिकेचा शेवटचा भाग गणपतीनंतर लागला. तोपर्यंत जीवन कामावर परत गेला होता. ऑफिसात त्याने तो प्रसंग पाहिला होता. ज्या मुलीने केला, सोनल म्हणून, तिचं काम स्वच्छ होतं, त्याने तिला तसं सांगितलंही. पण तिच्याकडे वेळ कमी होता आणि ती चाल तिच्या हाताला बसलेली नव्हती. डॉक्टर ओरेन ताठ खांद्यांनी, सारख्या पावलांनी चालत गेला. मधे थांबून ऐकायची जागा वेळेअभावी कापून टाकली होती. जीवनने घरी कुणालाच काही कळवलं नाही. गावात कोणाच्या लक्षात यायचं नाही असं त्याला वाटलं असावं. पण पोरांना तारीख माहीत होती. बुधाजींच्या घरी टीव्हीसमोर सगळी जमली आणि मनुबाईंना हाताला धरून घेऊन गेली. बुधाजींच्या सुनेने मला सांगितलं की भाग संपल्यावर पोरं नेहमीसारखी अंगणात धावली नाहीत. तिथेच बसून राहिली. त्यातलं एक जण म्हणालं की आजोबा तर असे चालत नव्हते.

त्या रात्री मनुबाईंनी जीवनला फोन केला. काय बोललं गेलं ते मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, पण शब्द तेच होते.

‘त्ये शेवटचं चालनं त्यांचं न्हवतं.’

‘न्हाय, आये. मी केलं न्हाय त्ये. मी तवा घरी व्हतो.’

‘व्हय,’ मनुबाई म्हणाल्या. ‘तू घरी व्हतास.’

जीवन त्यानंतर बरेच दिवस नीट झोपला नाही, असं मला त्याच्या बोलण्यावरून वाटलं. तो म्हणायचा, कुणीतरी शेवटचं चालायला हवं होतं तसं. पण निघून आल्याचं दुःख त्याला नव्हतं. तो फक्त एवढंच म्हणायचा की बाप आणि बापाची चाल, दोन्ही एकदम धरता आलं नाही. आता तो एका बोलणाऱ्या ट्रॅक्टरच्या मालिकेवर काम करतो. ट्रॅक्टरला चालावं लागत नाही, बरं आहे, असं तो एकदा हसून म्हणाला, आणि मग त्याने विषय बदलला. गावच्या टाकीवर वेळेप्रमाणे आपोआप चालू-बंद होणारी मोटर बसवलीय. पाइपाच्या कडेने आता कोणी उतरत नाही. गळती झाली तर ती दिसल्यावरच कळते.

मनुबाई आठवड्यातून एकदा माझ्याकडे येतात. त्यांचे गुडघे गेलेत. जीवनने त्यांना नवी मुंबईला नेलं होतं, पण त्या दोन महिन्यांत परत आल्या. लिफ्टने जीव घाबरतो, म्हणाल्या. त्याने त्यांना एक चांगला मोठा फोन घेऊन दिलाय आणि त्यात मालिकेतले सगळे जुने भाग भरून दिलेत, ज्यांत डॉक्टर ओरेन येसाजींसारखा चालतो. परवा त्यांचे गुडघे शेकत असताना मी सहज विचारलं, बघता की नाही? सुरुवातीला रोज बघायचे, म्हणाल्या. आता बघत नाही.

मला वाटलं, डोळ्यांना त्रास होत असेल, चष्मा बदलायला हवा. मी तसं म्हटलं.

‘डोळ्यांचं न्हाय, बाय,’ त्या म्हणाल्या. ‘बगितलं की वाटतं, आता डोंगरावनं उतरले, आता घरात येतील. मी भाकरी टाकायला उठते. मंग कुनी येत न्हाय.’

एवढं बोलून त्यांनी पाय जरा सरकवला, शेक नीट बसावा म्हणून. मी मशीनचं तापमान थोडं कमी केलं आणि त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले. बाहेर माणगावची एसटी लागली होती आणि कंडक्टर गावांची नावं पुकारत होता. मनुबाईंची गाडी अजून यायची होती.